आठवी रेघ

नवऱ्याला मी आधी 'अहो' म्हणायची. आता 'तो' म्हणते. लोकांना खटकतं, खटकू दे. सगळं ऐकून झाल्यावर ज्याला 'अहो' म्हणावंसं वाटेल त्यानं खुशाल म्हणावं.

आमचं घर धुळ्यात. पुढे दगडी ओटा, ओट्याला लागून पत्र्याची पडवी, आणि पडवीत दुकान. दुकानात काम एकच, मोटारसायकलीच्या पुढच्या शॉकअपचं. पुढचं चाक ज्या दोन नळ्या धरून ठेवतात ना, त्या. आत लांब स्प्रिंग असते, तेल असतं, आणि तेल बाहेर येऊ नये म्हणून रबरी सील असतं. आमच्याकडचे रस्ते तेव्हा असे, की सहा महिन्यांत सील फाटायचं आणि चाकाच्या रिमपर्यंत तेलाचे ओघळ यायचे. त्यात दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवणार, कुणी केळीचे घड बांधणार, कुणी सासू आणि बायको दोघींना एकदम बसवणार. मग ओरडा, "गाडी पुढून बसते, कडक करून द्या."

कडक करायची युक्ती त्याचीच. केळीच्या मळ्यात पाण्याला टाकतात त्या पीव्हीसी पाइपाचा बोटभर तुकडा कापायचा आणि स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायचा. स्प्रिंग दाबली जाते, गाडी ताठ उभी राहते. जळगाव, धरणगावहून माणसं यायची त्या तुकड्यासाठी.

आणि त्या तुकड्यावर तो रेघ ओढायचा. शॉकअप जितक्यांदा आमच्याकडे उघडला तितक्या रेघा, खिळ्यानं, डावीकडच्या नळीतल्या तुकड्यावर. गिऱ्हाईक म्हणालं, "मागच्या महिन्यातच तर सील टाकलं होतं," की झाकण उघडून रेघा मोजायच्या आणि त्याचं तोंड बंद करायचं. तो डावखुरा. त्याची रेघ वरून उजवीकडे कलायची. पुढे हे काम मीही शिकले, कारण सील बसवायला लागते चिकाटी आणि ती त्याच्या सात पिढ्यांत नव्हती. माझी रेघ वरून डावीकडे कलायची. तुकडा हातात घेतला की कुठला हात कधी लागला ते आम्हा दोघांनाच कळायचं, तिसऱ्याला नाही.

तेल मोजायला आमच्याकडे बाळाची दुधाची बाटली होती. तिच्यावर आकडे असतात, दोन्ही नळ्यांत तेल अगदी सारखं पडतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात ती एकच बाटली, तीसुद्धा तेलाची. गल्लीतल्या बायका ती बघून तोंडाला पदर लावायच्या. मी म्हणायची, "हसा, हसा. माझं बाळ निदान रात्री रडत तरी नाही." म्हणायची, आणि आत जाऊन पाणी प्यायची.

त्याच्या स्वतःच्या गाडीत एक खोट होती. ब्रेक मारला की पुढचा शॉकअप खाली जाताना टक् करायचा आणि वर येताना पुन्हा टक्. आतली बुश, म्हणजे नळी डुगडुगू नये म्हणून बसवलेली धातूची कडी, झिजली होती. "जगाच्या गाड्या नीट करता आणि आपल्या गाडीची ही कथा, दिव्याखाली अंधार," असं मी टोचायची. तो म्हणायचा, "राहू दे. मी आलो ते तुला कळतं ना?"

तर श्रावणातली गोष्ट. नव्वद साल अजून उजाडायचं होतं. आदल्या दिवशी तो म्हणाला, "उद्या सामान आणायला चाळीसगावला जातो. माझ्या गाडीचं सील गळतंय, तेवढं तू करून ठेव." मी केलं. त्या तुकड्यावर आधी चार रेघा होत्या, त्याच्या. पाचवी मी ओढली. सकाळी तो चहा न पिता गेला, गल्लीच्या वळणावर टक्-टक् झालं, आणि तो गेला तो गेलाच.

वाटेत एका ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे पाण्याच्या अंगालगतचा बुटका पूल, त्याला कठडा नाही. त्या दुपारी वर कुठेतरी ढग फुटला होता. संध्याकाळी फरशीच्या खाली बाभळीत त्याची रेक्झिनची हत्यारांची पिशवी अडकलेली सापडली. काठावर एक चप्पल सापडली. गाडी सापडली नाही आणि तोही सापडला नाही. चुलत दीर चार दिवस वाळूत गळ टाकत फिरले. पंचनामा झाला. वाळूनं गिळलं, असं सगळे म्हणाले.

मी मात्र दुसराच विचार करत बसायची. शॉकअप मी बांधला होता. झाकण मी आवळलं होतं. फरशीवर चाक घसरलं असेल तर? तेल एका नळीत कमी पडलं असेल तर? बाटली घेऊन मी पुन्हा पुन्हा मोजून बघायची, जणू तेव्हाचं तेल आता मोजता येणार होतं! वेड लागायची वेळ आली होती. कुणाला सांगायची सोय नव्हती.

सासूबाईंना मी माय म्हणायची. माय बोलायच्या अहिराणी, आणि थोडं बोलायच्या. त्या रडल्या नाहीत. तेराव्याचा विषय निघाला तेव्हा भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मना पोऱ्या जित्ता शे." माझा मुलगा जिवंत आहे. बस्स. कुंकू पुसू देईनात, बांगड्या उतरवू देईनात. मी धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. हळदी-कुंकवाला बोलावायचं की नाही यावर गल्लीत दोन तट पडले. मला त्यातलं काहीच नको होतं. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकदा छातीवर हात ठेवून सांगावं, तो आहे की नाही. आहे म्हटलं तर वाट बघते, नाही म्हटलं तर रडते. पण हे अधांतरी लटकणं नको.

खरी पंचाईत व्हायची आखाजीला. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खान्देशात दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरात गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, उंबरठ्यावर एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. उन्हाळ्यात तहानलेल्या पितरांना तेवढंच पाणी. घरात पुरुष नाही म्हणून ते बोट मी उमटवायची. सासऱ्यांचं एक बोट, सासऱ्यांची एक घागर. त्याच्यासाठी मी पहिल्याच वर्षी कुंभाराकडून दुसरी घागर आणली. मायनं ती हातातून घेतली आणि कोपऱ्यात पालथी घातली. "जित्ता माणूसनी घागर भरस का कोनी?"

पाच वर्षं ती घागर त्या कोपऱ्यात पालथी होती. मी झाडताना तिच्याभोवतीनं झाडायची.

आणि मग ते आवाज.

पहिला आवाज दुसऱ्या वर्षी, चैत्रात. धुळ्याची भर दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला कसं सांगू? बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं बंद, पडदे ओले, रस्त्याचं डांबर मऊ. मी मधल्या खोलीत आडवी झाले होते. डोळा लागत होता तेवढ्यात वळणावर टक् झालं. आणि लगेच दुसरं टक्.

अंगावर सरसरून काटा आला. धावत ओट्यावर आले तर गल्ली रिकामी, उन्हानं नुसती पांढरी फटक. ओट्यावर माय बसलेल्या, शांत.

"गाडी आली होती का?"

"कसनी गाडी? ऊन लागनं का तुले?"

त्यांच्या बाजूला पाण्याचा लोटा होता, पेला होता. ओट्याच्या पायरीवर पाण्याचा ओला डाग होता आणि तो बघता बघता वाळत होता. पायरीखालच्या दगडावर तेलाचा एक थेंब होता. पण आमच्या दाराशी तेलाचा थेंब म्हणजे हलवायाच्या दाराशी माशी. मी परत आत गेले आणि झोप काही आली नाही.

असं वर्षातून दोनदा-तीनदा व्हायचं. नेहमी भर दुपारी, आणि मी ओट्यावर पोचेपर्यंत काहीही नाही. गाडीचा आवाज विरत गेल्यासारखा वाटायचा, पण चौकातून गाड्या जायच्याच. एकदा मी उंबऱ्यात नुसती उभी राहिले, तर कुठलीही हवा नसताना पडवीत टांगलेली जुनी स्प्रिंग हळूहळू हलत होती. मी तिला हात लावून थांबवलं. तो हात दिवसभर माझा मलाच गार वाटत राहिला.

शेजारच्या अक्कांना सांगितलं. त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, पाणी नाही मिळालं त्याला. पाण्यात मेलेला माणूस सगळ्यात तहानलेला असतो. बारा वाजता घर शोधत येतो. घागर भर, येणं थांबेल."

मी अशा गोष्टींना हसणारी बाई. पण तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून मी घाबरले. भुताला नाही, त्याच्या तहानेला. तो दारापर्यंत येतो आणि मी त्याला घोटभर पाणी देऊ शकत नाही, हे माझ्या मनानं घेतलं. मायच्या पाया पडून सांगितलं, एकदा भरू द्या. त्या मान हलवायच्या. आणि इतकं ऊन असूनही दुपारी ओट्यावरच बसायच्या. मी ओरडायची, "लू लागेल, आत या!" त्या म्हणायच्या, "मले गार वाटस."

दुकान मी चालवत होते. न चालवून सांगते कुणाला? पुढे पुढे आजूबाजूचे मिस्तरी शॉकअप काढून माझ्याकडेच पाठवायचे. "शॉकअपवाल्या अक्का" असं नाव पडलं. शेवटची रेघ कुणाची, हे ओळखायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

सहाव्या वर्षी, आखाजीच्या आदल्या दिवशी, मी मधल्या खोलीत पुरणाची डाळ निवडत होते. भर दुपार. टक्. टक्.

या वेळी आवाज विरला नाही. आमच्या दाराशी येऊन गाडी थांबली आणि इंजीन बंद झालं.

मी उठले. पडदा बाजूला केला. माझ्या आधी माय उभ्या होत्या. सत्तरीची बाई, एरवी उठायला दोनदा 'अगं माय' करणारी, ती हातात लोटा-पेला घेऊन पायरीवर उभी. आणि समोर एक परका माणूस, डोक्याला उपरणं, घामानं निथळलेला. मायचा चेहरा असा उतरला, की मला आधी वाटलं यांना चक्कर आली. मग त्यांनी त्या माणसाला पाणी ओतून दिलं. निम्मं बाहेर सांडलं.

माणूस सावद्याकडचा, केळीवाला. बहिणीला आखाजीला न्यायला आला होता, मुऱ्हाळी. वाटेत डावं सील फुटलं आणि तेल ब्रेकवर आलं. चौकात कुणीतरी माझं घर दाखवलं.

"अक्का, संध्याकाळलोक होईल का? गाडी माही नाही, मिस्तरीची हाये. माही गाडी त्याच्याकडे खोलून पडेल हाये, म्हनून त्यानं ही देली. तसा तो बोलला होता, धुळ्याकडे नको नेऊ, तिकडचे रस्ते वाईट. पन बहीनच धुळ्यात देल्यावर काय करता?" आणि तो हसला.

टाकी हिरवी होती, आमची लाल होती. नंबर वेगळा. आवाज तेवढा तोच. मी स्वतःला म्हटलं, बुश कुणाचीही झिजते. त्याला बहिणीकडे पाठवलं, चाक काढलं, डाव्या नळीचं झाकण सैल केलं. स्प्रिंगनं झाकण वर ढकललं आणि पाइपाचा तुकडा माझ्या तळहातावर आला, तेलानं काळा.

फडक्यानं पुसला.

चार रेघा उजवीकडे कललेल्या. पाचवी डावीकडे, माझी. आणि तिच्यापुढे दोन, उजवीकडे कललेल्या.

मी पुन्हा मोजल्या. सात. बोटाचं नख एकेका रेघेत घालून मोजल्या. सात. उन्हानं तापलेल्या त्या पत्र्याखाली मला हुडहुडी भरली. मेलेल्या माणसानं दोन वेळा शॉकअप उघडला होता, माझी रेघ पाहिली होती, तिच्या शेजारी आपली ओढली होती, आणि पुन्हा झाकण लावलं होतं. गिऱ्हाईक नाही, भांडण नाही, रेघेची गरज नाही. तरी हाताची खोड गेली नव्हती.

आधी मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. अगदी लहान पोरीसारखा. माझ्या हातानं तो मेला नव्हता! आणि दुसऱ्याच श्वासाला हातातला पाना मी भिंतीवर फेकला.

मग लोटा-पेला आठवला. ओली पायरी आठवली. तेलाचा थेंब आठवला. पाच वर्षं माय म्हणत होत्या, जित्ता शे. त्यांना आशा आहे असं मी समजत होते. त्यांना माहिती होती!

मी घरात गेले. कोपऱ्यातली घागर उचलली, तिच्याखाली जमिनीवर पाच वर्षांचा गोल पांढरा राहिला होता. तेलकट हातांनीच रांजणातून पाणी घेतलं आणि घागर भरायला लागले. माय दारात आल्या.

"काय करी राह्यनी तू?"

"उद्या नको, आजच भरते. त्याचं नाव घेऊन भरते. तहानलेला आहे ना तो? दर खेपेला ओट्यावर पाणी पिऊन जातो." कुंकवाचा करंडा घेऊन मी उंबऱ्याशी बसले. बोट बुडवलं. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तोंडात आलं, आणि मायनं माझं मनगट धरलं. त्या म्हातारीच्या हातात इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"नको व माय! मरी जाई तो!"

"मेलेला माणूस आणखी कसा मरेल?"

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "शिमगाले उना व्हता. पाणी पीसन चालना गया." होळीला येऊन गेला होता, पाणी पिऊन गेला. आणि मी न विचारताच त्यांनी पुढचं सांगितलं, खाली मान घालून. त्याला तिकडे पोरगी आहे. चार वर्षांची.

"आणि मी? मी कोण होते तुमची?"

"मी माय शे त्यानी," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मी रडले नाही. घागर तशीच अर्धी भरलेली उचलून मोरीत ओतली आणि पुन्हा कोपऱ्यात पालथी घातली. मग दुकानात गेले. जुनं सील उचकटून काढलं, नवं बसवलं. इतकं सुबक सील मी आयुष्यात बसवलं नसेल. बाळाच्या बाटलीनं तेल मोजलं, दोन्ही नळ्यांत सारखं. बुशसुद्धा बदलली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. आता टक्-टक् होणार नव्हतं. शेवटी खिळा घेतला आणि त्या तुकड्यावर, त्याच्या सातव्या रेघेच्या शेजारी, आठवी ओढली. डावीकडे कललेली. चांगली खोल.

संध्याकाळी केळीवाला आला. गाडीवर दोनदा दाबून बघितलं, खूश झाला. मी म्हटलं, "मिस्तरीला सांगा, डावी बाजू एकदा उघडून बघा. काम कसं झालंय ते कळेल."

"सांगतो, अक्का. कोनी केलं म्हनू?"

"काही म्हणू नका. त्यांना हात ओळखता येतो."

त्या आखाजीला सासऱ्यांचीच घागर भरली.

त्यानंतर माय वर्षभर दुपारी ओट्यावर बसल्या. लोटा भरलेला, पेला पालथा. श्रावण गेला, दिवाळी गेली, शिमगा गेला. वळणावर गाडी वाजली की त्यांची मान वर यायची. आवाज साधा असायचा, गाडी पुढे निघून जायची, मान खाली यायची. पेला कधी सुलटा झाला नाही. मी खिडकीतून बघायची. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं ठरेल, आणि बरं वाटलं नाही म्हटलं तर तेही खोटंच. आम्ही दोघी आता एकाच माणसाची वाट न बघता बघत होतो, आणि घरात त्याच्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

पुढच्या आखाजीला सकाळी मी सासऱ्यांचं बोट उंबरठ्यावर उमटवलं, घागर मांडली, डांगर ठेवलं. पाठीमागे काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. माय कोपऱ्यातली घागर जमिनीवरून ओढत आणत होत्या. माझ्याशेजारी आणून त्यांनी ती सरळ केली. मग खाली बसल्या. सासरे गेल्यापासून त्या बाईनं कुंकवाला बोट लावलं नव्हतं. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि उंबरठ्यावर सासऱ्यांच्या शेजारी दुसरं बोट उमटवलं. नाव घेतलं नाही.

"भर," त्या म्हणाल्या.

मी भरली.